कोपाइबाचा थेंब

नाउता, ९ मार्च १९९८

आर्तिदोरो,

हे पत्र मी आपणहून लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. निघताना तुझ्या आईनं बजावलं, "शहरात चालली आहेस, तिथं टपाल आहे. त्याला चार ओळी टाक. माझं सगळं बरं आहे म्हणून लिही." तर लिहिते, तुझ्या आईचं सगळं बरं आहे. आता पुढचं माझं.

तिचं बरं नाही. पुराचं पाणी चढलं तसा गावात हिवताप चढला आणि आईला तो जानेवारीपासून सोडत नाही. येतो, दोन दिवस हाडं खिळखिळी करतो, जातो, आपण हुश्श म्हणतो, की पुन्हा हजर. सध्या सान्ता रूफिनात असं एक घर नाही जिथं कुणीतरी घोंगडी ओढून थरथरत पडलेलं नाही. बोटाचं रक्त काचपट्टीवर घेऊन लाँचनं इथे नाउताला पाठवायचं अशी पद्धत आहे. उत्तर गावात पोचेपर्यंत माणूस एकतर बरा होऊन मासे धरायला गेलेला असतो, नाहीतर आपण त्याला पुरून आलेलो असतो. तुझ्या आईनं तर बोटच पुढे केलं नाही. म्हणाली, "मी घरात आणि माझं रक्त एकटं बोटीतून फिरणार? ते जमायचं नाही."

हिवताप दोन जातींचा असतो, हे तुला माहीत नसेल. मलाही नव्हतं. एक साधा, माणसाला पिळून काढणारा. दुसरा डोक्यात जातो आणि माणसाला घेऊन जातो. दोघांच्या गोळ्या वेगळ्या. एकाच्या गोळ्या दुसऱ्याला दिल्या तर पाण्यात गेल्या. तुझ्या आईचा कुठला, ते कुणालाच ठाऊक नाही. मी घर सोडून इथे येऊन बसले आहे ती एवढ्यासाठी.

जे गाव एक माणूस शिकायला पाठवील त्याला सूक्ष्मदर्शक मिळेल, असा निरोप आला तेव्हा शाळेत सभा भरली. एकाची लावणी होती, दुसऱ्याची बायको बाळंत व्हायची होती, तिसऱ्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "तेओलिंदाला पाठवा की. तिच्या घरी वेळेवर जेवण मागणारा नवरा कुठे आहे?" सगळे खदाखदा हसले आणि ठराव झाला. तेव्हा माझ्या या शिक्षणाचं श्रेय तुझंच.

शिकवणाऱ्याचं नाव मानिवारी. पोट सुटलेला, कपाळावरचा घाम सतत पुसणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला यंत्रात डोकावूही दिलं नाही. फक्त उचलून टेबलावरून टेबलावर न्यायचं. एक हात मानेला, एक हात बुडाखाली. मी एका हातानं उचललं तर ओरडला, "बाई, ती बादली नाही! तान्हं मूल समजा."

दुसऱ्या दिवशी डोकावू दिलं. मला वेताच्या काठ्यांसारखं काहीतरी काळं दिसलं आणि मी आनंदानं सांगितलं की जंतू सापडला. माझ्याच पापण्या होत्या. आम्ही सगळे एक डोळा घट्ट मिटून बघत होतो आणि दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी ठणकायला लागली. मानिवारी म्हणाला, "दोन्ही डोळे उघडे ठेवा. एक बघेल, दुसरा गप्प बसेल. घरातल्या सासूसुनांसारखं." मी म्हटलं, "आमच्या घरी दोघीही बोलतात." तो एवढा हसला की त्याला रुमाल काढावा लागला.

नेहमी सगळ्यात छोट्या भिंगानं सुरुवात करायची. बाजूनं बघत भिंग काचेजवळ आणायचं, आणि मग डोळा लावला की फक्त वर न्यायचं, खाली कधी नाही. हे ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांनी मी डोळा लावून मोठं चाक खालीच फिरवत गेले. कट्ट असा आवाज आला. काचपट्टीचे दोन तुकडे. "युकाचे कंद चिरायला बसलात का?" मानिवारी म्हणाला. सगळ्यांत लाज गेली, पण तो नियम आता मरेपर्यंत विसरायची नाही.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यांच्या आधी जमली. यंत्रात सगळं उलटं असतं. काच डावीकडे सरकवली की चित्र उजवीकडे पळतं. बाकीचे त्यात गोंधळून जात होते. मला त्यात नवीन काही वाटलं नाही, शेपटाच्या मोटरीचा दांडाही तसाच, डावीकडे ढकलला की होडीचं नाक उजवीकडे. तू असताना दांडा कधी माझ्या हाती दिला नाहीस. तू गेल्यावर शिकले.

तेओलिंदा


नाउता, २७ मार्च

आर्तिदोरो,

तुझं उत्तर नाही. तशी वाट बघत होते असं नाही, पण टपालवाल्याला विचारलं एवढंच.

परीक्षा झाली. पहिल्यांदा नापास झाले, मग पास. नापास कशी झाले ते सांगते. रक्त वाळवायचं, निळ्याजांभळ्या रंगात बुडवायचं, धुवायचं, त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि सगळ्यात मोठं भिंग त्या तेलात टेकवायचं. तेलाशिवाय त्या भिंगाला धुकंच दिसतं. मग आरसा खिडकीकडे वळवून पांढऱ्या आभाळाचा उजेड घ्यायचा, उन्हाचा घ्यायचा नाही, नाहीतर डोळे जातील. एवढं सगळं करून बघितलं की एक लाल ठिपका आणि त्याला चिकटलेली निळी कडी. तो जंतू. मला ते एकदा ओळखता आलं आणि मग मला ते सगळीकडेच दिसायला लागलं. रंगाच्या कणात, धुळीत, काचेवरच्या ओरखड्यात. परीक्षेत दहा काचा दिल्या आणि मी जवळजवळ सगळ्यांना आजारी करून टाकलं.

मानिवारीनं मला बाहेर बाकावर बसवलं. थट्टा केली नाही. म्हणाला, "मनी वसे ते स्वप्नी दिसे. तुमच्या घरी कुणीतरी आजारी आहे ना?"

मी म्हटलं, सासू आहे.

"म्हणून तुम्ही शोधायला बसता. शोधू नका. काच सरकवत जा आणि जे येईल ते बघा. नाही आलं तर नाही म्हणा. नाही म्हणायला जास्त हिंमत लागते."

तेव्हापासून मी हात आवरून बघायला शिकले. पूर्ण काच फिरून झाल्याशिवाय 'नाही' म्हणायचं नाही, आणि ठिपका, कडी दोन्ही दिसल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही. त्या दुसऱ्या, माणूस नेणाऱ्या जातीचे जंतू जुने झाले की केळ्याच्या आकाराचे होतात. हुबेहूब, वाकडं हिरवं केळं. ज्या जंतूचा एवढा धाक तो आपल्या रोजच्या जेवणासारखा दिसावा, ही मात्र कमाल झाली. तशी केळी असलेली एक काच मानिवारीनं मला सोबत दिली आहे, नमुना म्हणून. म्हणाला, "कधी शंका आली तर ही लावून बघा."

उद्या लाँच आहे. यंत्र लाकडी पेटीत आहे आणि पेटी माझ्या मांडीवर असणार.

तेओलिंदा


सान्ता रूफिना, २५ एप्रिल

आर्तिदोरो,

तुझं पत्र लाँचवाल्या सेवेरोनं आणून दिलं. लाँच धक्क्याला लागायच्या आधीच वरून ओरडत होता, "तेओ, नवऱ्याला हात फुटले गं!" सगळ्या गावानं ऐकलं. आईला वाचून दाखवलं. अर्थात ज्या ओळी तिला वाचून दाखवण्यासारख्या होत्या त्या.

त्याविषयी शेवटी लिहिते. आधी यंत्राचं. शाळेच्या कोपऱ्यात, उत्तरेच्या खिडकीखाली मांडलं आहे. पहिल्या दिवशी अर्धं गाव दारात, पण बोट पुढे करायला कुणी तयार नाही. शेवटी तुझी आई काठी टेकत पुढे आली आणि बाकावर बसली. "इथंच बघणार ना? गावाबाहेर जाणार नाही?" मी म्हटलं, इथंच. "तू स्वतः बघणार?" मीच. "मग टोच." टोचल्यावर मला एक शिवीही दिली, पण हात मागे घेतला नाही.

साधी जात निघाली. मी काच दोनदा फिरून बघितली, मग सांगितलं. गोळ्या दिल्या, तिनं त्या तोंड वाकडं करत संपवल्या आणि जानेवारीपासूनचा ताप गेला. तेव्हापासून ती नदीवर, शेतावर, जिथं जाईल तिथं एकच सांगते, "माझ्या सुनेनं बघितलं." कुणी म्हणालं की आपल्याला बरं वाटत नाही, की ही विचारते, "तेओनं बघितलंय का? नाही ना? मग तुला काय माहीत?" चौदा वर्षं या घरात मी केलेली आमटी तिला कधी खारट, कधी अळणी. आणि आता मी काचेत बघून काहीही सांगितलं तरी ते तिला वेदवाक्य. मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

आता तुझं. आईला पुकाल्पाला पाठव म्हणतोस. घर पक्कं झालं, तिच्यासाठी खोली काढली, एल्वाची हरकत नाही. एल्वाची हरकत नाही हे वाचून मला बरं वाटलं. आई जायला तयार आहे. तयार कसली, वेडी झाली आहे, गाठोडं रोज बांधते आणि रोज सोडते. तुला बघून तिला तीन वर्षं झाली. यात मी काही म्हणावं असं काही नाही. तुझी आई आहे.

सेवेरो म्हणतो, मेच्या मधल्या फेरीला नेईन. पण तापाचं माणूस घेणार नाही. मार्चमध्ये त्याच्या लाँचवर एक जण वाटेतच गेला, तेव्हापासून त्यानं नियम केला आहे. मी बघून 'काही नाही' म्हटलं तरच चढवणार. म्हणजे तुझ्या आईनं जायचं की राहायचं हे माझ्या डोळ्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेओलिंदा


सान्ता रूफिना, १८ मे

आर्तिदोरो,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुझी आई तुझ्यासमोर असेल, कारण पत्र तिच्याच गाठोड्यात घातलं आहे. तेव्हा आधी तिला बसव, प्यायला दे आणि मग वाच.

तिला मासा काटे काढून दे. आपल्याला काटा दिसतो असं ती सांगेल, तिला दिसत नाही. हिरवी केळी मऊ शिजव. रात्री गारठा वाटला तरी ती बोलायची नाही, विचारायचं नाही, पांघरूण टाकून मोकळं व्हायचं. युकाचा मसातो घरी आंबवलेला नसला तर पिणार नाही. एल्वाला म्हणावं, पहिल्या दिवशी ती स्वयंपाकाला नावं ठेवील, मनावर घेऊ नये. चौदा वर्षांनी सवय होते.

गेले दोन दिवस तिला जरा कणकण होती. अंग दुखतंय म्हणाली आणि लगेच म्हणाली, "काही नाही, गाठोडं उचललं म्हणून." मी रक्त घेतलं.

इथे माझी एक हुशारी सांगते. तेलाची बाटली महिन्यातच संपली. सेवेरोला आणायला सांगितलं होतं, तो विसरला. तेलाशिवाय मोठं भिंग आंधळं. मग माझं लक्ष फळीवरच्या कोपाइबाच्या बाटलीकडे गेलं. जखमेला लावतो तेच, घट्ट, सोनेरी, आरपार दिसणारं. एक थेंब टाकला. आर्तिदोरो, मानिवारीच्या तेलात कधी दिसलं नव्हतं इतकं स्वच्छ दिसलं! गेला पंधरवडा मी तेच वापरते आहे. नाउताला कळवणार आहे की विकतच्या तेलाची गरजच नाही, आपल्या झाडांतून हवं तेवढं गळतं.

तर आईचं रक्त बघितलं. काच पूर्ण फिरून बघितली. काही नाही. दुसऱ्यांदा बघितली. काही नाही.

एक गोष्ट तुला लिहिते, तिला सांगू नकोस. बघायला बसले तेव्हा काहीतरी सापडावं असं मला वाटत होतं. म्हणजे सेवेरो तिला घेणार नाही, ही फेरी चुकेल, पुढे पाणी उतरेल, आणखी काही महिने जातील. हे मनात आहे हे मला कळत होतं, म्हणून मी स्वतःवर पहारा ठेवून बघितलं. एका ठिकाणी अंधुक काहीतरी होतं. पूर्वीची मी असते तर 'आहे' म्हणून मोकळी झाले असते. मी म्हटलं, तेओलिंदा, हे तुझ्या मनातलं आहे, काचेवरचं नाही. आणि सेवेरोला सांगितलं, काही नाही, चढव.

ती खूश आहे. लाँचवर हॅमॉक बांधून झाला आहे. मला म्हणाली, "तू बघितलंस ना, मग झालं." मी धक्क्यावर जाणार आहे, पण जास्त वेळ थांबणार नाही.

तेओलिंदा


सान्ता रूफिना, २० मे

आर्तिदोरो,

हे पत्र शेजारचा लिझार्दो मोटरबोटीनं नाउतापर्यंत नेतो आहे, पुढे मिळेल त्या लाँचनं. आई तुझ्यापर्यंत पोचली असेल तर आधी हे कर आणि मग बाकीचं वाच: तिला ताबडतोब दवाखान्यात ने. सांग, दुसऱ्या जातीचा हिवताप आहे, काचेत केळी दिसली आहेत. ती नको म्हणेल. उचलून ने.

मी चुकले.

ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी लिझार्दोच्या बायकोला आणलं, दात वाजत होते, अंग भट्टीसारखं. रक्त बघितलं तर स्वच्छ. एवढ्या तापात स्वच्छ कसं? मग मानिवारीनं दिलेली नमुन्याची काच लावली. तीही स्वच्छ. जिच्यात केळीच केळी आहेत तीही. भिंग काढून उजेडात धरलं. त्यावर पिवळा पापुद्रा चढला होता, घट्ट, नखानंही निघेना. रोज कापसानं पुसत होते, पण थोडं थोडं राहत गेलं आणि वाळत गेलं. पहिल्या दिवशी लख्ख दिसलं ते खरंच होतं. मग रोज थोडं थोडं धुकं वाढत गेलं आणि मला कळलंच नाही.

कोपाइबा वाळला की काचेसारखा होतो हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाटलीचं बूच कुणाच्या घरी सरळ निघतं? लाकडाला चकाकी यावी म्हणून आपणच तो लावतो. आणि मी तो डोळ्याला लावून बसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

लिझार्दोच्या मोटरीचं पेट्रोल घेतलं. कापूस बुडवून भिंग पुसलं, पुन्हा पुसलं, पापुद्रा सुटला. तुझ्या आईची काच पेट्रोलनं धुतली. वरून थेंब पुन्हा कोपाइबाचाच टाकला, दुसरं होतंच काय, पण ताजा, आणि बघून झाल्याबरोबर पुसायचा असं ठरवून. बघितलं. कड्या आहेत, बारीक, खूप. केळी आहेत. ते अंधुक दिसलं होतं ते केळंच होतं.

लिझार्दोच्या बायकोचीही काच पुन्हा बघून तिला गोळ्या दिल्या आणि शाळेतल्या रेडिओवरून मानिवारीला गाठलं. लाँच नाउता सोडून गेली होती. आता रेकेनाला थांबेल तेव्हा तिथल्या दवाखान्यातली माणसं लाँचवर चढतील असं तो म्हणाला. मी रेडिओपाशीच बसून आहे.

तेओलिंदा


सान्ता रूफिना, १२ जून

आर्तिदोरो,

मागचं पत्र तुला मिळालं की नाही कोण जाणे. सेवेरोनं तुला तोंडी सांगितलंच आहे. तरी काय झालं ते नीट लिहिते, कारण त्या दिवशीचं बोलणं नदीकाठच्या प्रत्येक रेडिओवर ऐकू गेलं आणि तुला ते दुसऱ्याकडून मीठमसाला लावून कळण्याआधी माझ्याकडून कळावं.

रेकेनाला लाँच लागली आणि तिथली नर्स वर चढली तेव्हा तुझी आई हॅमॉकमध्ये तापानं फणफणत होती. तरी तिनं बोट दिलं नाही आणि गोळ्या घेतल्या नाहीत. नर्स म्हणाली, आजी, तुम्हाला वाईट जातीचा ताप आहे. आई म्हणाली, "माझ्या सुनेनं बघितलंय. दोनदा बघितलंय. काही नाही. तू कोण मला सांगणारी?" मानिवारीचं नाव सांगितलं, तरी तेच. जबरदस्ती केली तर दात आवळून बसली. शेवटी दोघांनी तिला खुर्चीत घालून दवाखान्यातल्या रेडिओपाशी आणलं आणि मला बोलावलं.

रेडिओवर एकानं बोललं की 'काम्बियो' म्हणायचं, मग दुसऱ्यानं बोलायचं. तुझ्या आईला हे कुणी सांगितलं होतं की नाही देव जाणे. खरखर चालली होती आणि त्यातून तिचा आवाज आला, बारीक, पण भांडणाच्या तयारीतला.

"तेओ? ही पोरगी बघ काय म्हणते. म्हणते मला ताप आहे. सांग तिला."

मी म्हटलं, "आई, गोळ्या घ्या. मी चुकले."

बटण सोडलं नाही, तशीच पुढे बोलत राहिले.

"भिंग मळलं होतं आई. मला दिसलं नाही, आणि मी 'काही नाही' म्हणून सांगितलं. ते खोटं ठरलं. काम्बियो."

"म्हणजे होतं?"

"होतं."

"मग आता कसं दिसलं?"

"भिंग पुसलं. तुमची काच पुन्हा लावली. आहे, आई. वाईटच आहे. गोळ्या घ्या, वेळ घालवू नका."

इकडे शाळेच्या दारात गाव जमलं होतं. नाउताहून मानिवारी ऐकत होता. मधल्या सगळ्या गावांतले ऐकत होते हे मला माहीत होतं. मग ती म्हणाली,

"एक विचारते. खरं सांगशील?"

"सांगीन."

"मला घालवायचं होतं म्हणून 'नाही' म्हणालीस?"

आर्तिदोरो, मला वाटलं होतं की मला काहीही विचारलं तरी मी शांतपणे उत्तर देईन. यंत्रासमोर बसून एवढं तरी शिकले आहे असं मला वाटत होतं. पण बटणावरचं बोट मी उचलून घेतलं. मागून कुणीतरी म्हणालं, "बोल, बटण दाब आणि बोल."

मी म्हटलं, "नाही आई. तुम्हाला ठेवून घ्यायचं होतं. म्हणून 'आहे' म्हणायला भ्याले."

मग तिचा आवाज.

"वेडी कुठली. मग तसं बोलायचं नाही का? यंत्र कशाला मधे?" आणि तिथल्याच कुणालातरी, "दे गं त्या गोळ्या. पाणी गार नको."

चार दिवस ती शुद्धीत-बेशुद्धीत होती. रोज सकाळी मानिवारी रेडिओवर सांगायचा आणि मी 'बरं' म्हणायची. तुझ्या आईला मी मारलं असतं. हे मी रडगाणं म्हणून लिहीत नाही, झालं ते लिहिते. ती वाचली ती तिच्या चिवटपणानं आणि रेकेनाच्या त्या नर्समुळे, माझ्यामुळे नाही. मानिवारीला मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, यंत्र दुसऱ्याला द्या. तो म्हणाला, "दुसऱ्याला कोपाइबाचं अजून कळायचं आहे. तुम्हाला कळलंय. रोज सकाळी कामाला बसण्याआधी नमुन्याची काच लावून बघत जा." आता तसं करते. विकतचं तेलही आलं.

उठून बसता आलं तशी ती म्हणाली, घरी जायचं. नर्स म्हणाली, मुलाकडे ना? म्हणाली, घरी. सेवेरो परतीच्या फेरीत तिला घेऊन आला. वजन एवढं उतरलं आहे की धक्क्यावरून मी तिला एकटीनं उचललं. आल्या आल्या आमटीत मीठ कमी आहे म्हणाली.

सेवेरोनं मला आणखी एक सांगितलं. पुकाल्पाच्या धक्क्यावर तू उभा होतास. आईला बसवून न्यायला घरून वेताची खुर्ची आणली होतीस, तिच्यावर उशी घातली होतीस. लाँच रिकामी होईपर्यंत तू थांबलास आणि मग त्यानं तुला सांगितलं. तू म्हणे खुर्ची डोक्यावर घेऊन गेलास. ते ऐकून मला वाईट वाटलं. तीन वर्षांत तुझ्याबद्दल मला वाईट वाटलं नव्हतं. राग होता, आणि पुढे तोही राहिला नाही. पण त्या खुर्चीचं वाईट वाटलं.

आई म्हणते, तिला आता एवढा लांबचा प्रवास नको, तूच ये. हे तिचे शब्द आहेत, मी घातलेले नाहीत. एल्वाला आणायचं असेल तर आण, तिला माझी हरकत नाही. झोपायला जागा आहे. पाणी उतरतं आहे, तेव्हा जुलैच्या आत निघ, नंतर सेवेरो या वरच्या वळणापर्यंत येत नाही.

आणि आल्यावर थेट घरी जाऊ नकोस. आता लाँचवरून उतरणाऱ्या प्रत्येकानं आधी शाळेत यायचं असा गावानं नियम केला आहे. खिडकीखालच्या बाकावर बस, डावा हात पुढे कर. सुई मीच टोचणार. तुझं रक्त रंगवीन, काच पूर्ण फिरून बघीन, आणि जे दिसेल ते तुला सांगीन. असलं तर आहे, नसलं तर नाही. त्यापेक्षा जास्त काही माझ्याकडून ऐकायला येणार असशील तर मात्र ती खुर्ची डोक्यावर घेऊन तिथंच बस.

तेओलिंदा